महालक्ष्मीचा बांध आणि भायखळ्याची भूमी

शारदीय नवरात्रात श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनासाठी भायखळ्याहून पहाटे अनवाणी निघणारी भाविक कुटुंबे आजही आहेत. ज्या भूमीवरून ती चालतात, ती एके काळी भरतीच्या पाण्याखाली जात असे, हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते.

मुंबई तेव्हा सात बेटांची होती. वरळी आणि महालक्ष्मी यांमधील खिंडारातून समुद्र आत शिरे व भायखळ्याच्या सखल भागावर पसरे. पायधुणीचे नावही तेथे पाय धुऊन पुढे जावे लागे म्हणून पडले, असे सांगतात. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत हे खिंडार बुजविण्याचे काम हाती घेतले गेले आणि १७८४ च्या सुमारास बांध उभा राहिला. त्याला 'हॉर्नबी वेलार्ड' म्हणू लागले. संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्राची मर्यादा. त्यामुळे प्रस्तुत लेखकास हा शब्द आपल्याच घरचा वाटला होता. तो निघाला पोर्तुगीज! पांडित्याचा मोह असा फसवितो.

या बांधाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. घातलेला बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला, तेव्हा कामावरील पाठारे प्रभू गृहस्थ रामजी शिवजी यांना देवीचा दृष्टांत झाला. त्यानुसार खाडीतून महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती यांच्या मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला. देवालय १८३१ मध्ये धाकजी दादाजी यांनी बांधविले, असे मानतात. इतिहासकार दृष्टांताची नोंद मागतील. ती मजजवळ नाही. परंतु कीर्तनात ही कथा लावताना मी श्रोत्यांना आवर्जून सांगतो, की दृष्टांतानंतरही दगड माणसांनाच वाहावे लागले.

बांधाने समुद्र अडविला, पण जमीन सखलच राहिली. मोठ्या भरतीच्या वेळी गटारांची मुखे समुद्राच्या पातळीखाली जातात आणि त्याच सुमारास मुसळधार पाऊस झाला, की पाण्याला वाट उरत नाही. १९९० नंतरच्या एका श्रावणात भायखळ्याच्या एका चाळीत माझे कीर्तन होते. पूर्वरंग संपतो न संपतो तोच अंगणातले पाणी पायरीवर चढले. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी देव माळ्यावर नेऊन ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "बुवा, समुद्र बाहेर राहिला हो, पाऊस मात्र आत कोंडला!" स्थापत्यशास्त्राचे इतके सुबोध निरूपण मी अन्यत्र ऐकलेले नाही. उत्तररंग त्या रात्री जिन्यात उभ्यानेच झाला.

पुढे हाजीअली आणि लव्हग्रोव्ह येथे पावसाचे पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे झाली. पंपापर्यंत पाणी पोहोचले तरच ती उपयोगी; आणि वाटेतल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्यही सापडते, हे आपण भाविकांनी लाजेने कबूल केले पाहिजे. घटाची फुले निर्माल्य कलशात सोडल्याने पुण्य उणे होत नाही.

२०२४ मध्ये किनारी रस्ता खुला झाला आणि या किनाऱ्यापुढे नवा भराव व नवी भिंत आली. जुन्या बांधावरून जाणाऱ्या रस्त्याला आता लाला लजपतराय मार्ग म्हणतात. अष्टमीला दर्शनास जाणारी कितीतरी वाहने त्यावरूनच जातात.