नंबर बरोबर होता

"नंबर मी तपासून घेतला होता." सर हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते. निवृत्त मुख्याध्यापक, मी त्यांच्या हाताखाली शिकलेली. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांना एक फोन आला आणि पडद्यावर मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा क्रमांक दिसला. तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी सिम घेतलंय, त्यावरून गुन्हे झालेत, असं पलीकडचा माणूस म्हणाला. वर त्यानेच सुचवलं, "विश्वास नसेल तर आमच्या संकेतस्थळावर नंबर बघा." सरांनी चष्मा लावला, संगणक उघडला, नंबर पाहिला. आकडा न् आकडा जुळला. मग दोन दिवस ते दार लावून व्हिडिओ कॉलसमोर बसून होते. मुदत ठेव मोडली आणि सगळे पैसे 'पडताळणीसाठी' पाठवून दिले.

नंतर नातेवाइकांनी ऐकवलं, एवढे शिकलेले तुम्ही, साधी चौकशी करता आली नाही? पण चौकशी तर त्यांनी केली होती. चौकशी केली म्हणूनच ते अडकले. हे मला सहन होईना. म्हणून परवानगी काढली आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर येणारे फोन जिथे घेतात, त्या खोलीत जाऊन बसले.

खोलीत टेबलांची रांग, प्रत्येकावर संगणक, कानाला हेडफोन लावलेले अंमलदार. मी ज्यांच्या शेजारी बसले त्यांना सगळे 'ताई' म्हणत. फोन उचलल्यावर ताई आधी नाव विचारत नाहीत, किती पैसे गेले तेही नाही. पहिला प्रश्न, "पैसे कधी गेले?" दुसरा, "बँकेचा मेसेज आलाय ना? त्यात बारा आकडी नंबर असेल. तो वाचा."

यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेल्या प्रत्येक रकमेला असा बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. वाचायला सोपा. पण नुकतेच पैसे गेलेल्या माणसाला तो वाचता येत नाही. ज्या फोनवर मेसेज आहे त्याच फोनवरून तो बोलत असतो. स्पीकर कुठे असतो ते आठवत नाही. मेसेज उघडायला गेला की कॉल कापला जाईल, ही भीती. हात थरथरतात, चष्मा सापडत नाही. ताई म्हणतात, "दोन-दोन आकडे सांगा. मी लिहितेय." आकडे येऊ लागतात आणि चौथ्या जोडीपाशी बहुतेक जण थांबतात. तिथे रडू फुटतं, किंवा "माझीच चूक झाली, मॅडम" सुरू होतं. मग ताई शांतपणे म्हणतात, "चुकीचं नंतर बघू. आधी बारा आकडे."

दिवसभरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी आल्यावरही कानात तेच. नातेवाईक, शेजारी, बँकेतला कारकून, सगळे चुकीपासून सुरुवात करतात. ती बाजूला ठेवणारा पहिला माणूस तक्रारदाराला या खोलीत भेटतो.

आकडे मिळाले की तक्रार प्रणालीत भरली जाते आणि ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेकडे तिकीट जातं. पैसे तिथे असतील तर ती रक्कम 'होल्ड'ला लागते. पुढे सरकले असतील तर तिकीटही पुढच्या बँकेकडे जातं. चोरांची खाती साखळीने लावलेली असतात. कुणा विद्यार्थ्याचं, कुणा मजुराचं, थोड्या पैशांवर भाड्याने घेतलेलं. इथे त्यांना 'म्यूल खाती' म्हणतात. एटीएममधून रोकड निघाली की माग तिथेच संपतो. म्हणून पहिल्या तासाला एवढं महत्त्व. सरांनी तक्रार केली ती पैसे गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, लाजेपायी.

पण सरांना तो क्रमांक दिसला कसा, याचं उत्तर या खोलीत नव्हतं. ते मला एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळालं. दूरसंचारात आयुष्य घालवलेले एक अभियंते तिथे शिकवतात. बाहेरच्या जाळ्याशी संबंध नसलेलं एक छोटं एक्स्चेंज त्यांनी संगणकावर उभारलंय. माझा फोन त्यांनी त्याला जोडला आणि विचारलं, "आईचा नंबर काय?" मी सांगितला. त्यांनी तो एका रकान्यात भरला आणि कॉल लावला. माझा फोन वाजला, पडद्यावर 'आई'. आई तेव्हा साताऱ्याला घरी दुपारची झोपली होती.

"नाव मी पाठवलंच नाही," ते म्हणाले. "मी फक्त आकडे पाठवले. नाव तुमच्या फोनने स्वतःच्या यादीतून लिहिलं."

हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्पच झाले. पडद्यावरचं नाव पलीकडून येतं, असं मी आजवर धरून चालले होते. कॉलबरोबर आकडे येतात आणि ते कॉल जिथून निघतो तिथे लिहिले जातात. साध्या मोबाइलवरून फोन केला तर आकडे कंपनी लिहिते, सिमवरून. त्यात आपल्याला ढवळाढवळ करता येत नाही. पण इंटरनेटवरून निघालेला कॉल परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीमार्फत आपल्या जाळ्यात शिरायचा, तेव्हा पाठवणाऱ्याने सांगितलेले आकडेच पुढे जायचे. लग्नात आहेराची वही घेऊन बसलेला माणूस सांगाल ते नाव लिहून घेतो, ओळखपत्र मागत नाही. वर्षानुवर्षं दूरध्वनीचं जाळं तसंच चाललं. एक्स्चेंज एकमेकांवर विश्वास ठेवायची, कारण एके काळी ती मोजक्या सरकारी खात्यांच्या आणि बड्या कंपन्यांच्या ताब्यात होती.

मग बाहेरून येणारे सगळे +91 कॉल अडवत का नाहीत? मी विचारलं. "दुबईला गेलेला तुमचा भाऊ रोमिंगवरून घरी फोन करतो, त्याचा काय दिसतो? +91 च." म्हणजे तो ग्राहक खरंच परदेशात आहे का, हे प्रत्येक कॉलला तपासायला हवं. त्यासाठीची यंत्रणा दूरसंचार विभागाने 22 ऑक्टोबर 2024 ला सुरू केली. पहिल्या 24 तासांत तिने एक कोटी 35 लाख कॉल खोटे म्हणून ओळखून अडवले. बाहेरून भारतीय क्रमांक लावून येणाऱ्या कॉलपैकी हे जवळपास 90 टक्के होते, असं विभागाने सांगितलं. एका दिवसात एक कोटी 35 लाख. सरांचा फोन वाजला त्या उन्हाळ्यात हे दार उघडंच होतं. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा ऐकवावा, असं मला वाटतं.

याच युक्तीचा फायदा घेणारे लोक आपल्या अंगणातही होते. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेच्या वर तरुण-तरुणी आत सापडले. तिथून फोन जायचे अमेरिकेत. कर थकलाय, अटक होईल, असं धमकावून पैसे उकळले जायचे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच धंद्यासाठी 61 जणांवर आणि संस्थांवर आरोप ठेवले. त्यांत अहमदाबादची पाच कॉल सेंटरं होती. अमेरिकेतल्या लोकांच्या फोनवर सरकारी खात्याचा क्रमांक झळकायचा. 2018 च्या जुलैमध्ये त्यांपैकी 21 जणांना शिक्षा झाली, काहींना 20 वर्षांपर्यंतची. आज सरांना जे वाक्य ऐकवलं जातं, तेच तिकडच्या म्हाताऱ्यांनाही कुणीतरी ऐकवलं असेल.

आपल्याकडे 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 42 नुसार दूरध्वनीच्या ओळखीत फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा चांगला आहे. पण गुन्हेगार परक्या देशात बसलेला असला की तो हाती लागणं फार अवघड.

बाहेरून येणाऱ्या खोट्या क्रमांकांचं ते दार बंद झाल्यावरही चोर थांबले नाहीत. ताई सांगतात, आता व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल येतो, फोटोत वर्दीतला अधिकारी, मागे पोलीस दलाचं चिन्ह. किंवा देशातच एका खोलीत यंत्र ठेवतात, त्यात शेकडो सिम कार्डं, आणि बाहेरून आलेला कॉल साध्या भारतीय मोबाइलचा होऊन निघतो. त्याला 'सिम बॉक्स' म्हणतात. इथे नंबर खोटा नसतोच, फक्त तो भलत्याचा असतो. असा संशयास्पद फोन आला आणि पैसे गेले नसतील, तर संचार साथी संकेतस्थळावरच्या 'चक्षू'मध्ये तो कळवता येतो. पैसे गेले असतील तर मात्र 1930.

सावध कसं राहायचं, हे ताई फोनवर एका दमात सांगतात. आलेल्या फोनवर काही ठरवायचं नाही. ठेवून द्यायचा. मग पासबुकावरचा, कार्डाच्या पाठीवरचा नंबर आपण स्वतः लावायचा. बनावट क्रमांक फक्त येताना फसवतो. आपण तोच क्रमांक लावला तर फोन खऱ्या मालकाकडेच जातो. सरांनी नंबर डोळ्यांनी तपासला, लावून पाहिला नाही. लावला असता तर त्या ठाण्यातला खरा अंमलदार बोलला असता. आणि पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही. जानेवारी ते एप्रिल 2024 या चार महिन्यांत या एका धाकावर लोकांचे 120 कोटी 30 लाख रुपये गेले.

हे सगळं लोकांना शिकवताना बँकांना कोण शिकवणार, हा माझा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितलं, ग्राहकाला सेवेसाठी फोन करायचा तर 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करा, जाहिरातीसाठी 140. तरीही त्यानंतर मला एका बँकेच्या शाखेतून केवायसीसाठी फोन आला, तो कुणाच्या तरी खासगी मोबाइलवरून. तो माणूस खरा होता. त्याच्या खरेपणानेच पुढच्या चोराची वाट सोपी होते. अनोळखी मोबाइलवरून बोलणाऱ्या माणसाला जन्मतारीख सांगायची सवय ग्राहकाला बँकांनी लावली. तिचं खापर ग्राहकावर फोडणं मला मान्य नाही.

संध्याकाळकडे ताईंना एका तक्रारदाराला उलट फोन करायचा होता. दोन हप्त्यांत पैसे गेलेले, दुसऱ्या हप्त्याचा संदर्भ क्रमांक अर्धवट लिहिलेला. त्यांनी फोन लावला. "सायबरमधून बोलतेय." त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर करतोय. आता तो स्वतः लावेल बघा." त्याला त्यांनी सकाळीच तसं बजावलं होतं.

काही मिनिटांनी रांगेच्या टोकाच्या टेबलावरून हाक आली, "ताई, तुमचा माणूस 1930 ला आलाय, तक्रार क्रमांक सांगतोय." फोन इकडे वळवला गेला. या वेळी तो न थांबता सगळे बारा आकडे वाचत गेला. ताईंनी ते भरले आणि तिकीट दुसऱ्या बँकेकडे गेलं.