वेगवान गाडीचा टायर : आकडे वाचा, मगच विका

स्पोर्ट्स कारला टायर देताना केवळ रुंदी पाहू नये. टायरच्या बाजूवर समजा २२५/४५ आर १७ ९१ वाय असे लिहिले आहे. २२५ मिलिमीटर ही रुंदी, बाजूची उंची तिच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १७ इंच. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग. व्ही असल्यास मर्यादा २४०. भार व वेग गाडीच्या पुस्तिकेतील मापापेक्षा कमी नसावेत. डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पडून राहिलेले रबर कडक होते, ओल्या रस्त्यावर पकड सुटते. मालातील ऐब लपवू नये, ही आपल्या दीनची शिकवण. इथे तर ग्राहकाचा जीव त्यावर अवलंबून असतो.