किरण आणि काया – भाग ९ : दुखते ते भरून येते

गेल्या भागात किरणांचा त्वचेवर होणारा परिणाम पाहिला. आज तोंडाकडे वळू. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्यामागे तंबाखू-गुटखा आहे, हे नव्याने सांगायला नको. त्यातल्या अनेकांना शस्त्रक्रियेनंतर किंवा तिच्याऐवजी रेडिएशन घ्यावे लागते. रुग्ण त्याला रेडिएशन म्हणत नाहीत. ‘शेक’ म्हणतात, नाहीतर ‘लाईट’. शेक हा शब्द जरा फसवा आहे. शेकताना ऊब लागते, इथे मशीनखाली पडल्यावर काहीच जाणवत नाही. पहिला आठवडा तर इतका निवांत जातो, की ‘उगाच घाबरलो’ असे वाटू लागते.

साधारण हिशेब असा : रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक), आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे; एकूण ६० ते ७० ग्रे. गालाच्या आतले अस्तर एक-दोन आठवड्यांत नवे होत असते. खालच्या थरातल्या पेशी विभागतात, वर सरकतात, झडून जातात. किरणांचा घाव बसतो तो या खालच्या, विभागणाऱ्या पेशींवर. जी पेशी भराभर विभागते तिला किरण आधी मारतात, हे बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्येच मांडले होते. वरचा साठा शिल्लक असतो तोवर तोंड ठीक दिसते. तो संपला की दुसऱ्या आठवड्यात लाली आणि तिसऱ्याच्या आसपास व्रण, त्यांवर पांढरट साय. भाकरी दूरच, ताक-भातही झोंबतो. जिभेवरच्या चवीच्या पेशीही अल्पायुषी असल्याने चव जाते आणि अन्न मातीसारखे लागते.

नेमके इथेच काही रुग्ण शेक अर्धवट सोडून गावी निघून जातात. तसे करू नये. पडलेल्या खंडात गाठीतल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. मीठ-सोड्याच्या पाण्याने चुळा, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके, मऊ आहार, आणि गरज पडली तर नाकातून नळी. पण शेक पुरा करावा. ज्या वेगामुळे अस्तर आधी मरते, त्याच वेगामुळे ते भरूनही येते. शेवटच्या शेकानंतर बहुधा दोन ते सहा आठवड्यांत व्रण मिटतात. चवही काही महिन्यांत बरीचशी परतते.

मला खरी धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या गोष्टींची.

कानाखालच्या लाळग्रंथींमध्ये पातळ लाळ तयार करणाऱ्या पेशी फारशा विभागतच नाहीत. १९०६ च्या नियमाप्रमाणे त्या टिकायला हव्यात. पण त्या पहिल्या आठवड्यातच मरू लागतात. नियमाला न जुमानणाऱ्या या पेशी एकदा गेल्या की सहसा परतत नाहीत. उरते ती घट्ट, तारा सुटणारी लाळ. हल्ली किरणांची तीव्रता जागेगणिक बदलता येते, आणि ग्रंथीला मिळणारा सरासरी डोस २६ ग्रेच्या खाली ठेवता आला तर लाळ बरीच वाचते. गाठ ग्रंथीला चिकटूनच असेल, तर मात्र इलाज नसतो.

लाळ गेली म्हणजे दातांची राखणच गेली. आम्ल धुऊन नेणारी आणि दाताला कॅल्शियम परत देणारी तीच. मग कीड नेहमीच्या खाचा सोडून दाताच्या मानेला, हिरडीलगत, वेढा घालते आणि दात मुळापाशी मोडतो. तेही फारसे न दुखता. कोरड पडते म्हणून लिंबू चोखणारे आणि खडीसाखर चघळणारे मी पाहिले आहेत. उरल्यासुरल्या दातांसाठी यापेक्षा वाईट उपाय सुचणे कठीण! पाण्याचे घोट, साखर नसलेले च्युइंगगम आणि दंतवैद्याने दिलेले जास्त फ्लोराइडचे जेल, हे बरे.

चावण्याचे स्नायूही हळूहळू आखडतात. तीन बोटे उभी तोंडात जातात का, हे रोज पाहावे आणि सांगितलेले व्यायाम सोडू नयेत.

सर्वांत उशिरा बोलते ते हाड. क्लोद रेगो यांनी १९२२ मध्ये किरणांमुळे जबड्याचे हाड मरते हे नोंदवले. अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये त्याचे कारण मांडले : अशा हाडात रक्तवाहिन्या, पेशी आणि प्राणवायू, तिन्ही कमी पडतात. पुढे या मांडणीत भर पडली, पण व्यवहारातला धडा तोच राहिला. खालच्या जबड्याला मुळातच रक्तपुरवठा बेताचा, म्हणून धोका तिथे जास्त. हाड वर्षानुवर्षे निमूट असते. मग कधीतरी दाढ काढली जाते, जखम भरत नाही आणि आतले हाड उघडे पडते. म्हणून संशयास्पद दात शेकाच्या निदान दोन आठवडे आधी काढून घेतात.

गंमत अशी, की दाताच्या छोट्या एक्स-रेला लोक घाबरतात. त्यातले किरण निसर्गातून साधारण एका दिवसात मिळतात तेवढेच. आणि ज्या जबड्याने ६० ग्रे झेलले, त्याचा उल्लेख मात्र दंतवैद्याकडे राहून जातो.

शेक घेऊन दहा वर्षे झाली असली, तरी दाढ काढायला खुर्चीत बसण्याआधी ते सांगा. जुनी फाईल घरात असेल, तर सोबत घेऊनच जा.