घरे तीस, शिड्या किती?

शिडी, करवत, लांब दोर, मोठी कढई या वस्तू वर्षातले बहुतेक दिवस कोपऱ्यात पडून असतात. तरी प्रत्येक घराने त्या विकत घ्याव्यात का? अमेरिकेतील बर्कली शहरात १९७९ पासून सार्वजनिक ग्रंथालय पुस्तकांप्रमाणे अवजारेही घरी नेऊ देते. आपल्याकडेही लग्नकार्यासाठी मोठे गंज आणि सतरंज्या अनेक गावांत सामायिक असतात.

मग तीस घरांना किती शिड्या पुरतील? वर्गात करून पाहू. तीस विद्यार्थ्यांनी चिठ्ठीवर १ ते ३० पैकी मनाला येईल ती एक तारीख लिहावी. ती त्या घराची शिडी लागण्याची तारीख. आता तारीखवार चिठ्ठ्या मोजा. सरासरीने रोज एक शिडी लागते. पण काही तारखांना दोघे-तिघे येतात, तर काही तारखा रिकाम्या जातात. संभाव्यतेच्या गणिताने शंभरापैकी सुमारे ९८ दिवस तीन शिड्या पुरतात. म्हणजे तीसऐवजी तीन!

मात्र येथे एक अट आहे: गरजा विखुरलेल्या हव्यात. चंद्रपूरच्या पूर्व भागात आणि गडचिरोलीत धान पिकते. पाऊस झाला की चिखलणीची घाई सर्वांना एकदमच होते. जणू तीसही चिठ्ठ्यांवर एकच तारीख! तेथे एका यंत्रावर भागत नाही. मळणीचे तसे नाही. कापलेल्या धानाचे पुंजणे रचून ठेवता येते, त्यामुळे मळणीयंत्र पाळीपाळीने खळ्यांवर फिरू शकते. पुंजणे म्हणजे रांगेत थांबण्याची सोयच. २०१४-१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून अवजार बँकांना अनुदान मिळू लागले. अशी बँक काढताना कोणते काम थांबू शकते, हे आधी पाहायला हवे.

दुसरी अडचण माणसांची. मोडलेली करवत कोणी दुरुस्त करायची? नियम नसेल तर सर्वांची वस्तू कोणाचीच राहत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. जंगल असो वा शिडी, सामायिक गोष्ट टिकते ती सर्वांनी मिळून केलेल्या नियमांवर.

आपण शाळेपासून सुरुवात करू या. एक कपाट, एक वही आणि चार रकाने: वस्तू, नेणाऱ्याचे नाव, परतीची तारीख, दुरुस्ती. शेवटचा रकाना विसरू नये.