मीठ कोण बघतंय?

रमजानचा चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न ऐकू येतो, ‘सर, यंदा दावत कधी?’ विचारणारे भूगोलाचे सर असतात. रमजान मुबारक वगैरे नंतर. आधी तारीख. त्यांना डायरीत लिहून ठेवायची असते आणि वाणिज्यच्या मॅडमना घरी सांगायचं असतं.

ही दावत म्हणजे आमच्या सोलापुरातल्या घरी रमजानात एका रविवारी होणारं जेवण. पाच-सहा कुटुंबं, मुलं धरून पंधरा-सोळा माणसं. हॉल नाही, फलक नाही, फोटोसाठी डोक्यावर घातलेली टोपी नाही. तशा इफ्तार पार्ट्या शहरात होतात. मीही एक-दोनदा गेलोय. तिथं खजूर मिळतो, भाषण मिळतं आणि शेजारी कोण बसलं होतं ते घरी येईपर्यंत विसरायला होतं. इफ्तार ही मुळात घरातली, मोहल्ल्यातली गोष्ट. रोजेदाराला जेवू घालणाऱ्याला त्या रोज्याइतकंच पुण्य मिळतं, अशी हदीस आहे. म्हणून रमजानात शेजारच्या घरी ताट झाकून पाठवायची रीत पडली. २०२३ मध्ये युनेस्कोनं इफ्तारची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. अझरबैजान, इराण, तुर्कस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांनी मिळून तसा प्रस्ताव दिला होता. आपल्याकडे ती ताटं अजून गल्लीबोळातून फिरतात, नोंद असो वा नसो.

आमची दावत सुरू झाली २०१२ मध्ये. त्या वर्षी रमजान आणि श्रावण जवळजवळ एकाच अमावस्येनंतर सुरू झाले. दोन्ही महिने चंद्राचेच. फरक इतकाच की पंचांगात साधारण तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि श्रावणाला पावसाळ्यात धरून ठेवतो. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हे मला माहीत होतं, पण स्टाफरूमच्या फळ्यावर दोन वर्तुळं काढून भूगोलाच्या सरांनी समजावलं तेव्हा नीट कळलं. त्याच दुपारी मी म्हणालो, ‘तुमचा श्रावण, आमचा रमजान. एक दिवस घरी या सगळे.’ श्रावण असल्यानं जेवण शाकाहारी ठेवावं लागलं आणि ते तसंच राहिलं. आमच्या काही नातेवाइकांना हे अजून पटलेलं नाही. गोश्त नाही तर दावत कसली, असं ते विचारतात. त्यांना मी ईदला बोलावतो.

रमजान सरकत गेला तसं ताटही बदलत गेलं. पहिल्या वर्षी बाहेर पाऊस आणि आत कांदाभजी. २०१४ मध्ये आषाढी एकादशी रमजानात आली. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी सगळे रस्ते पंढरपूरला जातात. दावत त्याच दिवशी ठेवली. मराठीच्या मॅडमना उपवास होता. त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, आणि दस्तरखानावर दोन्हीकडच्या उपवासाला चालणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे खजूर. पुढं मे-जूनचे रमजान आले. सोलापूरचा मे काय असतो ते सांगायला नको. खजुरानंतर माणसं ताटाकडं बघतसुद्धा नसत. नुसतं सब्जा घातलेलं सरबत आणि कलिंगड. जूनमध्ये रोजा साडेचौदा तासांचा होतो. आता मार्चमध्ये तेराच्या आसपास.

वाणिज्यच्या मॅडम जैन आहेत आणि चौविहार पाळतात. म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. आणि आमचं जेवण सूर्यास्तालाच सुरू होतं! पहिल्या वर्षी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मॅडम सगळ्यांसोबत बसल्या, सगळ्यांशी बोलल्या आणि उपाशी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिस्टरांकडून कळलं तेव्हा मला मान वर करवेना. पुढच्या वर्षी त्यांना तासभर आधी बोलावलं. पण आता त्यांना घास उतरेना. ‘तुम्ही सगळे उपाशी, आणि मी एकटी जेवू?’ अम्मी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, ‘तू खा बेटा. रोजा आमचा आहे, तुझा नाही.’ तेव्हापासून तीच पद्धत आहे. मॅडमचं ताट आधी वाढलं जातं, त्यात कांदा, लसूण, आलं, बटाटा काही नाही. त्यांच्यासाठीचं स्टीलचं पातेलं त्या पहिली दोन वर्षं घरून आणायच्या. मग ते आमच्याकडंच राहिलं. वर्षभर वरच्या फळीवर पालथं असतं आणि त्याला दुसरं काही लागत नाही. सूर्य मावळायच्या दोन-चार मिनिटं आधी मॅडम पाण्याचा शेवटचा घोट घेतात. थोड्या वेळानं अजान होते आणि आम्ही पहिला घेतो. मग आम्ही जेवताना वाढायचं काम मॅडमकडं.

आता एक कबुली. ही दावत माझी, असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत होतो. बोलावणारा मी, दारात उभा राहणारा मी, कौतुक ऐकणारा मी. स्वयंपाक पत्नी आणि अम्मीचा. २०१७ चा रमजान मेच्या अखेरीस सुरू झाला. दावतीच्या दिवशी पत्नी दुपारी दोनपासून सातपर्यंत गॅससमोर उभी होती, रोज्यात, पाण्याचा थेंब न घेता. सगळ्यांनी ‘वहिनी, एक नंबर’ म्हटलं. पाहुण्यांना निरोप देऊन आणि तरावीह पढून मी दहाला परत आलो, तर ती स्वयंपाकघरात फरशीवर बसून गार भात खात होती. मी काहीतरी म्हणालो, बहुतेक ‘छान झालं आज’ असं. तिनं वर न बघता उत्तर दिलं, ‘सवाब तुमकू, पसीना मेरेकू.’ सवाब म्हणजे पुण्य. बाकीचं सांगायची गरज नाही.

ते वाक्य मी भूगोलाच्या सरांना सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या घरी सांगितलं आणि तिथंही बहुधा त्याचा काही परिणाम झाला, कारण पुढच्या वर्षी नियम ठरला. प्रत्येक घरातून एक पदार्थ येणार आणि मोठं पातेलं पुरुष उतरवणार. माझ्या वाट्याला बगारा खाना आला. दख्खनी मुसलमान घरांतला हा साधा भात. तेलात शहाजिरं, दालचिनी, लवंग, वेलची, मग कांदा, हिरवी मिरची, पुदिना, आणि त्यावर भिजवलेले तांदूळ. सोळा माणसांना दीड किलो पुरतो. सोबत दालचा. तो एरवी गोश्ताचा असतो, पण आमच्याकडं हरभऱ्याच्या डाळीत दुधीच्या फोडी आणि चिंचेचा कोळ. पहिल्या वर्षी माझा भात खालून करपला. मी वरचावरचा वाढला आणि कुणाला कळलं नाही असं समजत होतो. मॅडमनी वाढताना पातेल्याचा तळ बघितला होता. त्या अजून कुणाला बोललेल्या नाहीत, निदान माझ्यासमोर. शेंगा चटणी आणि कडक भाकरी ग्रंथपालांकडून येते. बगारा खान्याबरोबर कडक भाकरी कुणी खातं का, असं बाहेरगावचा माणूस विचारेल. सोलापुरात खातात.

आता मिठाचं. रोज्यात स्वयंपाक करणाऱ्यानं मीठ कसं बघायचं? फिकहमध्ये मुभा आहे की गरज असेल तर जिभेच्या टोकावर चाखावं, गिळू नये, थुंकून चूळ भरावी. बहुतेक बायका तेवढंही करत नाहीत. हाताचा अंदाज असतो. अम्मी तर वाफेच्या वासावरून मीठ सांगते. पत्नीला मात्र चाखल्याशिवाय चैन पडत नसे.

२०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन होतं. दावतीचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांत आमच्या दावतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक दाढीवाला माणूस अन्नात थुंकतोय असं त्याखाली लिहिलेलं होतं, आणि ‘यांच्या हातचं खाताना विचार करा’ असंही. तेव्हा फिरलेले असे कित्येक व्हिडिओ पुढं जुने किंवा भलत्याच ठिकाणचे निघाले. पण तो टाकला होता माझ्या शाळासोबत्यानं. त्याचे यंत्रमाग आहेत. चौथीपासून आम्ही एका बाकावर. त्याच्या आईच्या हातची पुरणपोळी आणि माझ्या अम्मीच्या हातचा शीरखुर्मा, दोन्ही घरांत हिशेब कधी ठेवला गेला नाही. ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. मीही नाही. दहा मिनिटांनी त्यानं तो काढून टाकला. कुठूनतरी आलेलं न बघता पुढं ढकललं असेल. असेलही. पण तो पत्नीनं पाहिला होता. त्या दिवसापासून तिनं मीठ चाखणं सोडलं. थुंकणं हा शब्दच तिला स्वयंपाकघरात नको झाला. साधी चूळ भरायची असली तरी ती मागच्या अंगणात जायची.

२०२१ मध्ये दुसरी लाट. २०२२ ला एप्रिलमध्ये रमजान आला तेव्हा भूगोलाच्या सरांनी तारीख विचारली आणि मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. दावत ठेवली आणि कुणी आलं नाही तर? आले आणि जेवताना हात आखडला तर? हे मी घरात बोललो नव्हतो. पत्नीच म्हणाली, ‘बुलाव. नहीं आए तो हमना मालूम तो होता.’

त्या रविवारी दुपारी चारला दार वाजलं. शाळासोबती होता, एकटाच. दावतीला अडीच-तीन तास होते. त्यानं चपला काढल्या, मला ‘काय रे’ म्हणाला आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दालचा उकळत होता.

‘वहिनी, मीठ कोण बघतंय?’

पत्नीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग पळीनं थोडा दालचा वाटीत काढून त्याच्या हातात दिला. त्यानं फुंकर घालून प्यायला. म्हणाला, ‘चिमूटभर कमी आहे.’ तिनं चिमूटभर टाकलं. त्यानं पुन्हा बघितलं. मग भाताचं, मग चटणीचं. सहापर्यंत तो तिथंच स्टुलावर बसून होता.

त्या व्हिडिओबद्दल तो आजवर बोललेला नाही. बोलेल असं मला बरेच दिवस वाटायचं. मग वाटेनासं झालं. मीही विषय काढला नाही, आणि तो काढायला हवा होता असं भूगोलाच्या सरांचं मत आहे. कदाचित त्यांचं बरोबर असेल. पण दरवर्षी चार वाजता तो येतो, आणि एकदा त्याला उशीर झाला तर अम्मी म्हणाली, ‘मिठवाला कहाँ है?’ आता आमच्या घरात त्याचं तेच नाव आहे.

सगळे परत आले असं मात्र नाही. एक कुटुंब २०२० नंतर आलेलं नाही. मी दरवर्षी फोन करतो, ते ‘बघतो’ म्हणतात, ईदला शुभेच्छा पाठवतात. भांडण नाही, काही नाही. विचारायला गेलं तर मुलाचा क्लास असतो, नाहीतर गावाला जायचं असतं. पत्नी तांदूळ मोजताना अजून त्यांचा वाटा धरते. मी एकदा म्हणालो, चार वाट्या कमी घे, उरतो. ती म्हणाली, ‘उरने दो.’ उरलेला भात शेजारी जातो.

यंदा दावत १६ मार्चला झाली. धुळवड होऊन दोनच दिवस झाले होते. ग्रंथपालांच्या मुलाच्या कानामागं अजून हिरवा रंग होता आणि अम्मी ओल्या फडक्यानं तो पुसायच्या मागं लागली होती. मराठीच्या मॅडमनी ताज्या पुरणपोळ्या आणल्या. द्राक्षं इथलीच, कलिंगड इथलंच. वाणिज्यच्या मॅडमनी सव्वासहाला ताट संपवलं आणि वाढण्यासाठी पदर खोचला. सहा चाळीसच्या सुमारास अजान झाली. खजूर, पाणी, फळं. मग आम्ही आतल्या खोलीत मगरिबची नमाज पढलो, तोवर बाहेर भूगोलाचे सर मुलांना चंद्र महिना कसा मोजतो ते भिंतीवर बोटानं काढून दाखवत होते. सव्वासात ते आठ जेवण. सव्वाआठला आम्हाला तरावीहसाठी निघायचं असतं, त्यामुळं आमच्याकडं पाहुणे रेंगाळत नाहीत. हा या दावतीचा आणखी एक फायदा.

भांडी यंदा भूगोलाच्या सरांनी आणि मी घासली. भात करपला नव्हता. मॅडमनी पातेल्यात वाकून बघून तसं जाहीरही केलं, म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या लक्षात होतं.

पुढच्या वर्षी रमजान फेब्रुवारीत सरकतोय. पहिल्याच आठवड्यात दावत ठेवली तर हुरड्याचे शेवटचे दिवस सापडतील, असा भूगोलाच्या सरांचा हिशेब आहे. मंगळवेढ्याकडं त्यांच्या ओळखीचं एक ज्वारीचं रान आहे. त्यांनी तिथं आत्ताच सांगून ठेवलंय. मिठवाल्याला फक्त काळजी आहे की हुरड्याला मीठ वरून घेतात, मग त्यानं चार वाजता येऊन करायचं काय.