एकवीस अंक, दोन अवयव

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. २चा ६७वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही एकवीस अंकी संख्या मिळते. तिच्याविषयी बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

घातांक मूळ असला की अशी संख्याही मूळच असते, ही त्यातली पहिली. २, ३, ५, ७ या घातांकांना ३, ७, ३१, १२७ येतात आणि चारही मूळ निघतात, त्यामुळे नियम सापडला असं वाटणं साहजिक आहे. पुढच्याच घातांकाला, ११ला, तो मोडतो: २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. खरं आहे ते एवढंच की घातांक संयुक्त असेल तर संख्या संयुक्त असणारच. द्विमान पद्धतीत हे डोळ्यांना दिसतं. घातांक ६ घेतला तर ६३ येतात, म्हणजे ११११११. या सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून १११ने, अर्थात ७ने, भाग जातो. आपल्या संख्येत ६७ एक आहेत आणि त्यांचे सारखे गट पडत नाहीत. पण त्यावरून काहीच ठरत नाही.

फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ साली दिलेल्या यादीत ६७ होता, म्हणजे ही संख्या मूळ मानली होती. त्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज असा की ही संख्या संयुक्त असल्याचं १९०३ साली अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी दाखवलं. ते एदुआर ल्युका यांनी १८७६ सालीच दाखवलं होतं, तेही एकही अवयव न शोधता. हे कसं शक्य आहे? पुढे लेमर यांनी सुटसुटीत केलेली कसोटी ३१वर करून पाहा. ४पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, ३१ने भागून बाकी ठेवा. ४वरून १४. १४वरून १९४, बाकी ८. ८वरून ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा, इथे तीनदा, ही कृती करून शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. आपल्या संख्येसाठी ती ६५ वेळा करावी लागते आणि शेवटी शून्य येत नाही. अवयव मात्र कळत नाहीत.

कोल यांचं श्रेय अवयव पाडण्याचं, आणि ते मोठंच आहे. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ते एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर जाऊन बसले, ही प्रसिद्ध कथा एरिक टेम्पल बेल यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितलेली आहे. ती ऐकायला सुंदर आहे, पण पुरावा म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

कोल यांनी एकेक संख्येने भागून पाहिलं असेल, असंही काहींना वाटतं. तशी गरजच नव्हती. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४च्या पटीत १ मिळवूनच येतो. पडताळून पाहा: १३४ गुणिले १४,४५,५८०, अधिक १, म्हणजे बरोबर पहिला अवयव. शिवाय अवयवाला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च उरायला हवी, त्यामुळे उमेदवार आणखी निम्मे गळतात.

आता संगणक हे अवयव क्षणात पाडतो, म्हणून हा प्रश्न संपला असं समजू नये. २च्या १२७७व्या घातातून १ वजा केला की ३८५ अंकी संख्या येते. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालेलं आहे, पण तिचा एकही मूळ अवयव अजून सापडलेला नाही.