पायाची शीर हृदयापर्यंत पोहोचताना
(बायपासची ओळख : लेखांक ६)

सिद्धिविनायक न्यासाकडे वैद्यकीय मदत मागण्यासाठी प्रभादेवीत येणाऱ्या नातेवाइकांच्या फायलीत अँजिओग्राफीचा रिपोर्ट असतो, रुग्णालयानं दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक असतं. ‘तीन ब्लॉकेज, बायपास करायची आहे’ हे घरातल्या प्रत्येकाला पाठ झालेलं असतं. सगळी धास्ती छाती उघडण्याची. पायाची शीर काढणार आहेत, हे जाता जाता कुणी तरी सांगतं आणि घरचे मान डोलावतात. मला मात्र त्या शिरेची काळजी वाटते. बायपास किती वर्षं टिकणार, याचा बराचसा निकाल ती पायातून निघून हृदयावर जोडली जाईपर्यंत लागलेला असतो.

मागच्या लेखांकात आपण छातीच्या आतली रोहिणी पाहिली. दहा वर्षांनंतरही ती दहातल्या नऊ जणांत वाहती असते. पण ब्लॉकेज तीन-चार असले की ती एकटी पुरत नाही. मग घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब नीला कामी येते. अर्जेंटिनाचे सर्जन रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत, क्लीव्हलँडला, ही पद्धत रुजवली. भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात केली.

ही नीला सहज मिळते, लांब असते, पण दहा वर्षांत साधारण निम्म्या नीला बंद पडतात किंवा अरुंद होतात. काहींच्या बाबतीत पुन्हा छाती उघडावी लागते आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली होती. २००९ मध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालच्या चमूनं दिल्लीत त्यांची पुन्हा बायपास केली.

नीला का बिघडते? माणूस आडवा असताना तिच्यातला दाब जेमतेम १० मिमी पाऱ्याइतका असतो. हृदयावर बसताच तिला १२० सोसावे लागतात. हा धक्का टाळता येत नाही. टाळता येण्याजोगी इजा त्याच्या आधी होते. शीर मोकळी करताना भोवतीची चरबी आणि बाहेरचा थर खरवडून निघतो. त्याच थरातल्या बारीक रक्तवाहिन्या शिरेच्या भिंतीला रक्त पुरवत असतात. खेचाखेचीनं शीर आक्रसते. मग तिला फुलवायला आणि गळती शोधायला, सायकलवाला पंक्चर शोधताना ट्यूब फुगवतो तशी, सिरिंजनं द्रव भरून ती फुगवतात. हातानं दाबलेल्या सिरिंजचा दाब ३०० च्याही वर सहज जातो. आतलं अस्तर एकाच पेशीइतकं जाड. ते सोललं की रक्त गोठू न देणारं नायट्रिक ऑक्साइड तिथं तयार होत नाही, बिंबाणू चिकटतात. पहिल्या महिन्यात गुठळी, वर्षभरात भिंत जाड होणं, पुढे चरबीचे थर, असा हा क्रम.

फुगवून झाल्यावर शीर वाटीत ठेवतात, बहुतेकदा साध्या सलाईनमध्ये. ते आम्लधर्मी असतं आणि अस्तराला सोसत नाही. अमेरिकेतल्या सुमारे ३,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आम्लता सांभाळणाऱ्या द्रावणात ठेवलेल्या शिरा कमी बंद पडलेल्या आढळल्या. इतकी छोटी गोष्ट, खर्चही फार नाही, तरी तिच्याकडे दुर्लक्ष होतं याचं मला फार वाईट वाटतं.

स्वीडनमधल्या ओरेब्रोचे डॉ. डोमिंगोस सूझा यांनी वेगळी वाट धरली. शीर भोवतीच्या चरबीसकट काढायची आणि सिरिंजनं फुगवायची नाही. १६ वर्षांनी अशा शिरांपैकी ८३ टक्के वाहत्या होत्या, नेहमीच्या पद्धतीतल्या ६४ टक्के. रुग्ण मात्र थोडे होते. पुढे चीनमध्ये २,६५५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी बंद शिरांचं प्रमाण ४.८ ऐवजी २.८ टक्के निघालं. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या स्वीडनच्याच मोठ्या चाचणीत मात्र दोन वर्षांनी ठळक फरक दिसला नाही आणि पायाच्या जखमा जास्त चिघळल्या. आपल्याकडे बायपासच्या कितीतरी रुग्णांना मधुमेह असतो, म्हणून ही शेवटची गोष्ट मला फार जड वाटते. दुर्बिणीतून, छोट्या छेदातून शीर काढली की जखम लवकर भरते, पण तिथं हात कसलेला हवा, नाहीतर ओढाताण होतेच.

मुख्य सर्जन छातीकडे असताना पायाशी बहुतेकदा टीममधला ज्युनिअर डॉक्टर किंवा प्रशिक्षित सहायक काम करतो. ते हाताखालचं काम मानलं जाऊ नये. ऑपरेशनआधी नातेवाइकांनी दोन प्रश्न बिनधास्त विचारावेत : शीर कोण काढणार, आणि ती जोडेपर्यंत कशात ठेवणार? चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही.

ऑपरेशननंतर शीर वाहती ठेवणाऱ्या अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन या गोळ्यांविषयी, आणि तंबाखू सोडण्याविषयी, पुढच्या आठवड्यात.